घरचं मत

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच झालं. काचेच्या कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या सरकत होत्या, पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढून एकेक जात होती आणि तो स्टुलावर बसून नेहमीसारखा काचेतले बुडबुडे, खडे, केसाएवढ्या चिरा शोधत होता. मागून हात आला. उठायला गेला, तर त्या हातानेच त्याला खाली बसवलं. "बसा, बसा. मिसेस उभ्या आहेत म्हणे तुमच्या?" तो हो म्हणाला की नुसती मान हलवली, हे त्याला नंतर आठवेना. "चांगलं आहे," साहेब म्हणाले. "बायकांनी पुढं यायलाच पाहिजे." आणि हात उचलला गेला. साहेब पुढच्या पट्ट्याकडे गेले, तिथं कुणाच्या तरी मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, मोकळे हसले, दारातून बाहेर पडले. तेवढ्यात एक चिरलेली बाटली त्याच्या डोळ्यांदेखत पुढं निघून गेली. ती त्याला दिसली होती. चीर गळ्यापाशी होती, उजेडात लख्ख चमकली होती. पण हात मांडीवरून उठलाच नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरी येताना त्याने ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. 'चांगलं आहे' मधला 'चांगलं' साहेबांनी ओढला होता का? 'म्हणे' कशाला म्हणाले? साहेबांना खरं तर सगळं ठाऊक असतं, मग 'म्हणे' कशाला? त्याला स्वतःचाच राग आला. माणूस सरळ मनाने बोलला असेल. चोराच्या मनात चांदणं. पण आपण चोरी काय केली, हेही त्याला सापडेना. बायको वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली होती, ही काही चोरी नव्हती. तिने अर्ज भरला तेव्हा तो स्वतः सोबत गेला होता, चांगला धुतलेला शर्ट घालून. चिन्हांच्या चिठ्ठीत तिला कंगवा मिळाला, तेव्हा दोघं रस्त्यात थांबून पोट धरून हसली होती. शेजारचा थंड्या तर म्हणाला होता, "वहिनी, टकल्यांची मतं गेली म्हणून समजा. माझ्यापासूनच सुरुवात!" थंड्या भट्टीवर काम करायचा आणि एवढ्या आगीजवळ राहूनही बारा महिने त्याला थंडी वाजायची, म्हणून ते नाव. त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. त्या दिवशी सगळे हसले होते. म्हणजे हसता येत होतं तेव्हा. भीती नंतर आली. का ती तेव्हाही होती आणि हसण्याखाली नुसती दबा धरून बसली होती?

बायकोला वसाहतीत सगळे 'दवाखान्यातल्या बाई' म्हणायचे. वसाहत कारखान्याची, खोल्या कारखान्याच्या, एकमेकींना पाठ लावून उभ्या असलेल्या रांगा कारखान्याच्या. दवाखाना तेवढा नगरपालिकेचा होता. तिथल्या खिडकीत बसून ती औषधं द्यायची. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे ती प्रत्येकाला इतक्या वेळा सांगायची की लोक रस्त्यात तिला पाहिल्यावर आपण होऊनच म्हणायचे, "घेतली हो बाई, जेवणानंतर घेतली." मग एका सकाळी दवाखान्याला कुलूप लागलं. जागा कारखान्याला गोदामासाठी हवी होती. डॉक्टर म्हातारे होते, कालव्यापलीकडे राहायचे. ते घरी आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्या राहा. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कोण मत देणार? तुम्हाला नाही म्हणेल असं एक घर दाखवा मला या वसाहतीत." ती त्याच्याकडे पाहू लागली. तो म्हणाला, "राहा की." अगदी सहज म्हणाला. तिचा चेहरा असा उजळला की ते शब्द परत घेण्याची सोयच उरली नाही.

तिच्यासमोर उभा होता कारखान्याचे ट्रक चालवणारा ठेकेदार. तो धमक्या द्यायचा नाही. धमकी दिली असती तर बरं झालं असतं, तिला निदान तोंड असतं, तिच्यावर ओरडता आलं असतं. तो गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "मला मतं नकोत. मला फक्त ही भट्टी पेटलेली हवी." एवढं म्हणून तो गप्प व्हायचा आणि त्या गप्पपणात भट्टीचा आवाज ऐकू यायचा. तो आवाज तसा कायमच होता. बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्या घुर्र आवाजानं झोप लागायची नाही, वसाहतीतल्यांना मात्र तो असला काय नसला काय, कधी कळायचंच नाही. आता कळू लागलं. लोक बोलता बोलता थांबायचे आणि कान द्यायचे. कुठल्या तरी दूरच्या शहरानं मालकांना फुकट जमीन देऊ केली आहे. गोदामाला जागा मिळाली नाही तर मालक इथला कारभार गुंडाळणार. भट्टी एकदा विझली की आतली काच गोठते, मग ती परत पेटत नाही, फोडूनच काढावी लागते. हे शेवटचं खरं होतं. ते थंड्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. "भट्टी म्हणजे काय बायको आहे होय," तो म्हणाला, "रुसली की मनवता येईल? गार पडली की मेली." सगळे हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं.

त्याला स्वतःला मात्र आवाज बंद पडण्याची भीती नव्यानं शिकावी लागली नाही. ती त्याला वडिलांकडून मिळालेली होती. वडील सूतगिरणीत यंत्रं दुरुस्त करायचे. गिरणी बंद झाली तेव्हा तो शाळेत होता. वडील रडले नाहीत, ओरडले नाहीत, दारूला लागले नाहीत. ते फक्त तेलाची कुपी घेऊन घरभर फिरू लागले. बिजागऱ्यांना तेल, कडीला तेल, कपाटाला, खिडकीला, आईच्या शिलाई मशीनला. रोज. थोड्याच दिवसांत त्यांच्या घरात एकही दार वाजेनासं झालं. कोण आलं, कोण गेलं, कळायचं नाही. तो अभ्यास करत असायचा आणि एकदम त्याला वाटायचं मागं कुणीतरी आहे. वळून पाहावं तर वडील उभे असायचे, केव्हाचे उभे असायचे कोण जाणे. "काय करतोयस?" ते विचारायचे. त्यांच्या आवाजात रागही नसायचा आणि कौतुकही. मलाही काहीतरी करायला दे, असं तो आवाज म्हणायचा. घरातली दारं संपल्यावर ते शेजाऱ्यांकडे जाऊ लागले. "तुमचं दार कुरकुरतंय का हो?" आधी लोकांनी तेल घालून घेतलं. मग त्यांना कुपी घेऊन येताना पाहिलं की लोक दारं लावून घेऊ लागले. एकदा त्यानं गॅलरीतून पाहिलं : वडील एका बंद दारापुढं उभे होते आणि हातानं हळूच ते दार मागंपुढं ढकलून पाहत होते, वाजतंय का म्हणून. आतून कुणीतरी खेकसलं. वडील चोरासारखे मागं सरकले. आता स्टुलावर बसून बाटल्या पाहताना पडद्याचा पांढरा उजेड डोळ्यांत भरायचा आणि त्या उजेडात तो माणूस दिसायचा, कुपीसकट. फक्त त्याला आता वडिलांचा चेहरा नसायचा.

प्रचाराला तो एकदा गेला तिच्याबरोबर. पत्रकं त्याच्या हातात होती. दार उघडलं की लोकांचे चेहरे खुलायचे, "या बाई, या," आणि मग त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागं त्याच्याकडे यायची आणि तिथं अडकायची. पट्ट्यावर शेजारी बसणारे, डब्यातलं वाटून खाणारे हे लोक. त्यांच्या नजरेत त्याला एक प्रश्न दिसला : तू आम्हाला कशाला यात ओढतोस? दुसऱ्या दिवसापासून त्यानं जादा पाळीचं निमित्त केलं. ती म्हणाली, "जा तुम्ही. कामाचं आधी." ती डॉक्टरांबरोबर फिरायची, दमून यायची, पाय गरम पाण्यात घालून बसायची आणि सांगायची कुणी काय म्हटलं. "सगळे देतो म्हणतात हो. थंड्या भाऊजींची बायको तर रडायलाच लागली. म्हणे, ताई, तुम्ही नसता तर पोरगी गेली असती माझी." ते खरं होतं. थंड्याची मुलगी तान्ही असताना तापानं आकडी येऊन पडली, तेव्हा तिला उचलून पळत डॉक्टरांपर्यंत नेणारी हीच होती, आणि आईबाप दारात थिजून उभे होते. तो हे सगळं ऐकून 'हं' म्हणायचा. बोलताना तिचा आवाज तरुण झाल्यासारखा वाटायचा. एवढ्या वर्षांत तिला आपण कधी असं बोलताना ऐकलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला तिचा हेवा वाटला. हेव्याच्या पाठोपाठ राग आला. हिला भीती कशी वाटत नाही? हिला भीती वाटत नाही, म्हणून आपल्याला दोघांची वाहावी लागते.

एकदा जेवताना तिनं विचारलं, "अहो, तुम्हाला कारखान्यात कुणी काही म्हणालं का?"

"नाही. कोण काय म्हणणार?"

"मग जेवत का नाही?"

"जेवतोय की."

"खरंच कुणी काही म्हणालं नाही?"

"नाही म्हटलं ना."

आणि ते अक्षरशः खरं होतं. कुणीच काही म्हटलं नव्हतं. सांगायला काही असतं तर सांगून मोकळा झाला असता. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले चांगलं आहे, एवढ्यावर बायकोला काय सांगायचं, माघार घे? ती हसली असती. किंवा हसली नसती आणि खरंच माघार घेतली असती, आणि मग तो तरुण आवाज त्यानं मारला असता. तिनं त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. तो त्यानं चावून चावून खाल्ला.

पेट्या वेगवेगळ्या मोजतात, ही बातमी थंड्यानं आणली. डबा खाताना, आजूबाजूला पाहून, तोंड जेमतेम उघडून त्यानं सांगितलं. "आपल्या वसाहतीची पेटी निराळी. कुणाचं मत कुठं, ते नाही कळत. पण वसाहतीनं किती दिली आणि कुणाला दिली, ते कळतं. अख्ख्या हॉलला वाचून दाखवतात." मग घास गिळून तो म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर, दुसरं काय." आणि लगेच, "म्हणजे आमची मतं वहिनींनाच हां. ते पक्कं." "माहितेय," त्यानं थंड्याला सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला आणि थांबेना. पट्ट्यावर, रस्त्यात, झोपेत. समजा वसाहतीतून कंगव्याला भरपूर मतं पडली, तर प्रश्नच नाही. सगळ्यांवर संशय म्हणजे कुणावरच नाही. पण लोक घाबरले आहेत. समजा दोनच पडली. ती दोन कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको. नवरा आणि बायको. साहेब काही बोलणार नाहीत, फक्त पुढच्या महिन्यात स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं असेल, आणि खोली कारखान्याची आहे. समजा एकच पडलं. ते तिचं. मग कारखान्याला कळेल की नवरा आपला माणूस आहे, स्टूल वाचलं. पण तिलाही कळेल. ती तिथंच उभी असेल, एक म्हटलेलं ऐकेल, आणि वळून आपल्याकडे पाहील. दोन पडली तर कारखाना पाहील, एक पडलं तर ती पाहील. मधे कुठं उभं राहायला जागाच नव्हती. त्याला वाटायचं, देवा, निदान एखादा वेडा निघू दे, तिसरा कुणीतरी, ज्याच्या मताआड आपल्याला लपता येईल.

मतदान कारखान्याच्याच हॉलमध्ये होतं, कारण तेवढी मोठी जागा वसाहतीत दुसरी नव्हती. हॉलची एक भिंत भट्टीच्या बाजूला होती आणि हात लावला तर कोमट लागायची. ती बायकांच्या रांगेत, तो पुरुषांच्या. मधून मधून ती त्याच्याकडे पाहून हसत होती. त्यानं मनाशी ठरवलं होतं : तिलाच द्यायचं. काय व्हायचं ते होवो. हे ठरवल्यावर रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली होती. रांग सरकत गेली. कागद हातात आला, शिक्का हातात आला, आणि तो पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेला. तिथं कुणी नव्हतं. वर छत होतं, छताला पंखा होता, पंखा फिरत नव्हता. कागदावर कंगवा होता आणि त्याखाली ठेकेदाराचं चाक होतं. त्यानं कंगव्यावर शिक्का धरला. आणि मग त्याला जाणवलं की आडोसा ठेवलाय तो त्या कोमट भिंतीला लागूनच. पाठीला ऊब लागत होती. आवाज कानातून येत नव्हता, मणक्यातून वर येत होता. त्याला वाटलं, तिचं मत तर आहेच. थंड्याच्या घरची आहेत. त्या दवाखान्यातून औषधं नेलेले निम्मे लोक तरी आहेत. आपल्या एका मतानं काय अडतं? आणि हा विचार पुरा व्हायच्या आत हात खाली सरकला आणि शिक्का चाकावर पडला. पोट आतून एकदम सैल झालं. कितीतरी वेळ लघवी अडवून धरावी आणि ती एकदाची व्हावी, तसं. इतकं सुख त्याला झालं की डोळ्यांत पाणी आलं. लाज नंतर आली, कागदाची घडी घालताना. पेटीची फट समोर असून त्यानं कागद दोनदा बाजूच्या पत्र्यावर टेकवला, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

बाहेर ती उभी होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. तुझं?"

"माझंही."

ती खाली पाहत होती. दमली असेल, असं त्याला वाटलं. 

मोजणी नगराच्या क्रीडागृहात झाली. घामाचा आणि रबराचा वास. एका बाजूला लांब टेबलं, आणि दोरीच्या अलीकडे उमेदवार आणि त्यांची माणसं. ठेकेदार मांडीवर हात ठेवून शांत बसला होता. डॉक्टर आपली जुनी बॅग घेऊन आले होते. कशाला, कोण जाणे. सवय. कालव्यापलीकडच्या पेट्या आधी निघाल्या आणि तिथं कंगव्याला बरी मतं पडली होती. डॉक्टर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता वसाहत बघा." तो तिच्या डाव्या हाताला उभा होता.  एक की दोन? एक की दोन? निदान पाच, निदान दहा. त्यानं टेबलाकडे पाहणं सोडून जमिनीवरच्या रंगीत पट्ट्यांकडे पाहायला सुरुवात केली. निवडणूक अधिकारी बाईंनी ध्वनिक्षेपकावर वसाहतीच्या पेटीचा निकाल वाचला. चाकाचा आकडा मोठा होता. मग त्या जरा थांबल्या, शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. "कंगवा," त्या म्हणाल्या, "शून्य."

सुटलो, हा त्याच्या मनात आलेला पहिला शब्द. एकही नाही. म्हणजे कुणाकडेच बोट नाही. ना दोन, ना एक. सगळे सारखे. तो श्वास सोडत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि म्हणालं, "अरे, घरचंसुद्धा नाही!" आणि तो श्वास मधेच अडकला. घरचंसुद्धा नाही. माझं नाही, ते मला ठाऊक आहे. मग तिचं? आकडा पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिला, जणू त्यात कुठं एखादं मत चिकटून राहिलं असेल. तिचं मत कुठं आहे? त्यानं मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. त्याच्या उजव्या दंडापाशी ती उभी होती आणि तीसुद्धा त्याच क्षणी तेच मत शोधत होती, फक्त त्याचं. हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की जणू ती मोठ्यानं बोलली.

डॉक्टरांना मात्र आनंदाचं भरतं आलं. "सापडले!" ते म्हणाले. "बाई, सापडले लेकाचे! शेजारी फिरतील, एक वेळ सगळी वसाहत फिरेल, पण माणूस स्वतःला मत देत नाही असं कुठं घडतं का? पेटी बदललीय. हा पुरावा आहे, पुरावा!" ते दोरी ओलांडून अधिकारी बाईंकडे गेले आणि त्यांना घेऊनच आले. अधिकारी बाई भल्या होत्या. त्या तिला म्हणाल्या, "हे बघा, मलाही जरा विचित्र वाटलं. तुम्ही लेखी द्या की तुम्ही स्वतःला मत दिलं होतं, मिस्टरांनीही द्यावं. मी ही पेटी तुमच्यासमोर परत मोजते. पुढं चौकशीही होईल. तुमचा हक्क आहे तो." डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि तिच्या हातात दिलं. आजूबाजूची माणसं पुढं सरकली. ठेकेदारसुद्धा उठून उभा राहिला, प्रथमच जरा अस्वस्थ दिसत होता. एक सही केली असती तर त्याची झोप उडाली असती, वर्तमानपत्रात आलं असतं, कदाचित सगळी निवडणूक परत झाली असती. पेन तिच्या हातात होतं. त्याला वाटलं, कर सही. कर. मीही करतो. आपण दोघंही खोटं बोलू आणि जन्मभर एकमेकांना खरे वाटू.

"नको," ती म्हणाली. "मोजणी बरोबर आहे."

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे बरोबर आहे, डॉक्टर."

डॉक्टरांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते त्याच्याकडे वळले. "अहो, ह्या दमल्यात. तुम्ही सांगा. तुमचं मत कुठं गेलं, ते विचारा की यांना! बोला!"

त्यानं तोंड उघडलं.  ते म्हातारे डोळे त्याच्याकडे पाहत होते, पूर्ण विश्वासानं.

"त्यांना नका विचारू," ती म्हणाली. "त्यांचंही बरोबर आहे."

 डॉक्टरांनी तिच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं, खिशाला अडकवलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून असेल, किंवा दुसरं काही बोलताच येत नव्हतं म्हणून असेल, त्यांनी त्याला विचारलं, "ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेता ना?" तो हो म्हणाला. बॅग उचलून ते निघाले. दारापाशी त्यांना वाट द्यायला लोक बाजूला झाले.

दोघं चालत घरी निघाली. वाटेत दवाखाना लागला. दाराला कुलूप होतं आणि अंगणात ट्रकमधून उतरवलेल्या विटा रचून ठेवल्या होत्या. निकाल लागायच्या आधीच आल्या होत्या त्या. ती थांबली नाही. कालव्याच्या पुलावर मात्र कठड्याला टेकली.

"कधी ठरवलंत?" तिनं विचारलं.

"आत गेल्यावर. ठरवलं नव्हतं. तुलाच द्यायचं ठरवलं होतं."

"हं."

"आणि तू?"

"मी आदल्या रात्री." पुलाखालून गढूळ पाणी जात होतं, त्याच्याकडे पाहत ती बोलत होती. "तुम्ही झोपेत दात खाता. इतक्या दिवसांत रोज. मला वाटलं, वसाहतीतून चारदोनच मतं निघाली तर कारखान्याचे लोक तुम्हाला धरतील. मग मी विचार केला, आपल्या घरातून दोन मतं कशाला पडायला हवीत? मी माझं चाकाला टाकते. तुमचं मला पडेल. एकच निघालं असतं ना, तर सगळ्यांनी ते माझंच धरलं असतं. म्हणाले असते, बाईनं स्वतःला दिलं, नवऱ्यानं नाही. तुमच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं. आणि मला ठाऊक असतं, ते तुमचं आहे." तिनं कठड्यावरचा एक खडा पाण्यात टाकला. "तेवढं एक पुरलं असतं मला."

 त्यानं तिच्या हाताला हात लावायचा विचार केला, पण आपला हात त्याला परक्या माणसाचा वाटला. सांगावंसं वाटलं, वडिलांचं, तेलाच्या कुपीचं, त्या बंद दाराचं. ते तिला ठाऊक होतं. एकदा नाही, कितीदा त्यानं सांगितलं होतं. तेच पुन्हा सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, हो ना. आणि तो 'हो ना' त्याला सोसला नसता. "तू तरी द्यायचं होतंस," असं त्याच्या तोंडून गेलं आणि ऐकून त्यालाच धक्का बसला. ती म्हणाली, "हो. चुकलंच माझं." त्यात टोमणा नव्हता.

घरी आल्यावर थोड्या वेळानं थंड्या आणि त्याची बायको आली. हातात झाकलेलं पातेलं होतं, त्यात गरम सूप होतं. थंड्याच्या बायकोला तो वहिनी म्हणायचा; आत येताच ती रडायला लागली, अगदी खरं रडू, नाक लाल करून. "ताई, आमच्या घरातली सगळी मतं तुम्हालाच होती हो. सगळी. माझ्या पोरीची शप..."

"शपथ नको घेऊ," बायको पटकन म्हणाली. तिनं वहिनीचा हात धरला आणि खाटेवर जागा करून तिला शेजारी बसवलं. "शपथ कशाला? मला ठाऊक आहे."

"मोजण्यात घोटाळा केला मेल्यांनी!"

"हो ना," बायको म्हणाली. "तसंच असेल."

थंड्या दारातच उभा होता, हात काखांत खुपसून, नजर जमिनीवर. बाहेर रांगेतल्या दुसऱ्या घरांची दारं उघडत होती. आणखी कुणी कुणी येणार होतं, सांत्वनाला. प्रत्येकाची मतं तिलाच असणार होती. या सगळ्यांना आत घ्यावं लागेल, बसवावं लागेल, आणि उद्यापासून याच लोकांबरोबर पट्ट्यावर डबा खावा लागेल, आणि कुणी कधी कुणाला काही विचारणार नाही. भट्टी घुर्र घुर्र करत होती. तिला काही झालं नव्हतं. होणार होतं की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

वहिनीनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. "आणि भाऊजी, तुमचंसुद्धा खाल्लं हो त्यांनी! सख्ख्या नवऱ्याचं मत!"

 थंड्यानं नजर वर केली. मोजणीच्या वेळी न फुटलेला शब्द आता शोधावा लागला नाही.

"हो ना, वहिनी," तो म्हणाला. "माझंही खाल्लं."

वाक्य इतकं सहज गेलं, इतकं दुखावलेल्या, सरळ माणसाच्या आवाजात गेलं, की क्षणभर त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. वहिनी पुन्हा रडू लागली. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, दिवसभरात पहिल्यांदाच. त्या पाहण्यात राग नव्हता, कीवही नव्हती. इतकी वर्षं ज्याच्याशी बोलतो तो माणूस नेमका कोण, हे आता एकदा नीट बघून ठेवावं, तसं ती पाहत होती. मग ती उठली आणि जे येतील त्या सगळ्यांना पुरेल एवढं चहाचं पाणी चढवलं.